गंगोदक आणि तान्ह्यांचे रक्त

काशीचा दुर्गाघाट नारायण दीक्षित पाटणकरांनी पेशवाईत बांधविला. तेथून गडू भरून नेणाऱ्या महाराष्ट्रीय यात्रेकरूंची श्रद्धा अशी, की गंगोदक नासत नाही. गंगेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, परंतु ते उकळल्यास हा गुण जातो, असे आग्र्याच्या हॅन्किननी १८९६ साली नोंदविले. कारण मात्र उमगले नाही. पुढे, १९१७ साली, जंतूंचा फडशा पाडणाऱ्या विषाणूंना द'हेरेलनी जंतुभक्षक म्हटले, आणि १९१९ साली पॅरिसमध्ये आमांशाने खंगलेल्या बारा वर्षांच्या मुलास ते पाजले. मुलगा बरा झाला. पेनिसिलिन आले आणि ही विद्या बहुतेक देशांत मागे पडली.

तिची आठवण आता पुन्हा होते, ती निरुपायाने. २०११ ते २०१४ मध्ये दिल्लीच्या तीन रुग्णालयांत जंतुदोष झालेल्या नवजातांत सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी शेकडा ८२ अनेक प्रतिजैविकांना दाद देईनात. पण जंतुभक्षक ठरावीक जंतूंनाच गाठतो. रक्तातील जंतू ओळखण्यास एक-दोन दिवस लागतात, आणि तान्हे मूल काही तासांतच ढासळते.