फॅमिली एरिया म्हणजे नक्की कोणाची फॅमिली?

"मॅडम, बिनधास्त घ्या. एकदम फॅमिली एरिया आहे."

गेल्या आठ महिन्यांत हे वाक्य मी मुलुंडला ऐकलं, घोडबंदर रोडवर ऐकलं, डोंबिवलीत तर तीन वेगवेगळ्या एजंटांकडून ऐकलं. आमची मुलगी येत्या जूनपासून शाळेत जाईल. त्याआधी भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जायचं, असं मी आणि नवऱ्याने ठरवलंय. त्यामुळे दर रविवारी सॅम्पल फ्लॅट, कार्पेट एरिया, मेंटेनन्स, पजेशन आणि रात्री घरी आल्यावर ईएमआयचा हिशोब.

फॅमिली एरिया म्हणजे काय, हे मी सुरुवातीला कोणाला विचारलंच नाही. शाळा जवळ, मैदान जवळ, रात्री उशिरा स्टेशनवरून एकटीला चालत येता यावं, एवढंच मी धरून चालले होते. मग मुलुंडचा एक रिसेलचा फ्लॅट सगळ्या अटींत बसला. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी एजंटचा फोन आला. "तुमच्याकडे नॉनव्हेज बनतं का हो?"

माझा नवरा मालवणचा. मी म्हटलं, "बुधवार, शुक्रवार, रविवार."

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "कमिटीचं कसं आहे ना मॅडम, फॅमिली सोसायटी आहे."

म्हणजे आम्ही तिघं कोण होतो?

त्या संध्याकाळी मी तणतणत पार्ल्याला माहेरी गेले. बाबा एरवी अशा गोष्टींवर तावातावाने बोलतात. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गप्प बसले. त्याचं कारण मला नंतर कळलं, ते पुढे सांगते. मी इतिहास शिकलेय, त्यामुळे राग आला की वाचायला बसते. मुंबईत 'कुटुंबाने राहण्यासारखी जागा' ही कल्पना आली कुठून, हे शोधायला घेतलं.

प्लेग आणि मोकळी हवा

१८९६च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लोक मिळेल त्या गाडीने, बोटीने मुंबई सोडून पळाले. गिरण्या, गोदी, व्यापार सगळंच धोक्यात आल्यावर सरकारला गलिच्छ वस्त्या दिसल्या. १८९८मध्ये कायदा करून मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

ट्रस्टची कामं साधारण तीन. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, कामगारांसाठी चाळी बांधायच्या आणि उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव भागात आखीव प्लॉट पाडून नवी वस्ती उभी करायची. हा भाग शहराच्या हद्दीतच होता, पण तेव्हाच्या गिरगावकराला तो गावाबाहेरच वाटणार. आपण आज ब्रोशरमध्ये 'भरपूर हवा आणि उजेड' वाचतो ना, ती मागणी आधी साथीच्या भीतीतून आलीय.

तोवर मुंबई हे मोठ्या प्रमाणावर पुरुषांचं शहर होतं. कोकणातून, घाटावरून गडी एकटा यायचा, गाळ्यात पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा. बायकामुलं गावाला. शहरात बिऱ्हाड करणं ही मोठी गोष्ट होती. 'बिऱ्हाड' हा आपल्याकडचा 'फॅमिली'चा जुना शब्द. सडाफटिंग माणूस वेगळा आणि बिऱ्हाडकरू वेगळा, हा भेद चाळीनेही केला होता.

दादर-माटुंग्याच्या इमारतींनी बिऱ्हाडाला नवं घर दिलं. त्यात सगळ्यात मोठा बदल कोणता, तर संडास. चाळीत तो गॅलरीच्या टोकाला आणि सगळ्यांचा मिळून. फ्लॅटमध्ये तो घरात आला. सोवळंओवळं पाळणाऱ्यांना स्वयंपाकघरापासून चार पावलांवर संडास ही कल्पना पचायला जड होती. पण रात्री-अपरात्री अंधाऱ्या गॅलरीतून जावं लागणाऱ्या बाईसाठी, तापातल्या लेकरासाठी तो बदल केवढा असेल! स्वतंत्र फ्लॅट, दाराला आपली कडी आणि आत सगळं आपलं, हे मुंबईच्या मध्यमवर्गाला तिथे सापडलं.

शेजार निवडून घेणारे

मात्र मोकळी हवा मिळाल्यावर पुढचा प्रश्न आला, शेजारी कोण?

मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडून १०३ प्लॉट पारशी कुटुंबांसाठी राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. जवळच हिंदू कॉलनी झाली. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांनी आपली वस्ती केली. गावदेवीला १९१५मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था सुरू झाली. तिच्यामागे उभे असलेले रावबहादूर तालमकी हे भारतातल्या सहकारी गृहनिर्माणाचे जनक मानले जातात.

हे लोक कोत्या मनाचे होते, असं म्हणून मोकळं होता येत नाही. १९१२च्या कायद्याने पतपेढ्यांच्या पलीकडच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली होती, पण घरासाठी कर्ज देणाऱ्या बँका आजच्यासारख्या दारात उभ्या नव्हत्या. दहावीस कारकुनांनी पगारातून पैसे काढून एकत्र टाकायचे, तर एकमेकांवर भरवसा हवा. भरवसा कोणावर? ज्याचा मामा आपल्या ओळखीचा आहे त्याच्यावर. भांडवल नसलेल्या माणसांकडे जात हेच भांडवल होतं. त्यातून फार चांगल्या गोष्टीही झाल्या. आपले पु. ल. देशपांडे गावदेवीला जन्मले, जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत लहानाचे मोठे झाले आणि मग पार्ल्यात आले. त्या वस्त्यांनी एका पिढीला गाणं, नाटक, पुस्तकं दिली.

पण ज्याचा मामा ओळखीचा नव्हता, त्याचं काय?

१९१७मध्ये परदेशात शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. त्यांना कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. हे उघडकीला आल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुंबईत ते बरीच वर्षं परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. ज्या ट्रस्टने मध्यमवर्गासाठी दादरचे प्लॉट पाडले, त्याच ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेली ती चाळ. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी घर बांधलं ते दादरच्या हिंदू कॉलनीत. कुटुंबासाठी आणि हजारो पुस्तकांसाठी बांधलेलं राजगृह. परळहून दादरला लोकलने काही मिनिटं लागतात. त्या काही मिनिटांच्या अंतरात किती काय आलं, याचा मी अनेकदा विचार केलाय.

वस्ती आयती मिळत नाही

एजंट आपल्याला सांगतो की चांगला एरिया 'आहे'. जुने कागद वाचताना वेगळंच दिसतं. चांगला एरिया कोणीतरी केलेला असतो.

माझं पार्लंच घ्या. १९२०मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी लोकमान्य टिळक गेले. १९२१मध्ये पार्लेकरांनी त्यांच्या नावाने शाळा काढली, पार्ले टिळक विद्यालय. १९२३मध्ये लोकमान्य सेवा संघ. चर्चगेट-बोरिवली मार्गावर विजेची लोकल धावायला लागली ती १९२८मध्ये, म्हणजे आधी शाळा आणि मग विजेची गाडी! पुढे लोक 'पार्ल्यात शाळा चांगली' म्हणून तिथे घरं शोधायला लागले. पण ती शाळा कुठल्या बिल्डरने अमेनिटी म्हणून दिली नव्हती. तिथे राहायला आलेल्यांनीच ती उभी केली होती.

गोरेगावची गोष्ट तर त्याहून रोखठोक. १९५० आणि १९५७मध्ये उपनगरं बृहन्मुंबईत आली, पण पालिका आली म्हणून नळाला पाणी आलं असं झालं नाही. १९६१मध्ये गोरेगावातून नगरसेविका झालेल्या मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी इतकी आंदोलनं केली की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले. हंडे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांमुळे ते उपनगर राहण्यासारखं झालं. आज तिथल्या जाहिरातीत '२४ तास पाणी' लिहिताना त्या हंड्यांची आठवण कोण ठेवतं?

मग हे सगळं गेटच्या आत कसं गेलं? याचं एक उत्तर कायद्यात आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं परवडेनासं झालं. त्यामुळे हळूहळू ओनरशिपचे फ्लॅट आले आणि त्यांच्याबरोबर फसवणूकही आली. तिला आवर घालायला महाराष्ट्राने १९६३मध्ये मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा केला, ज्याला आपण 'मोफा' म्हणतो. २०१७पासून महारेरा आहे. आता बिल्डरला कार्पेट एरिया खरा सांगावा लागतो, प्रकल्पाची माहिती आपण मोबाइलवर पाहू शकतो.

शेजाराचं मात्र तसं नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये निकाल दिला, की सहकारी सोसायटीने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा नियम केला तर तो चालेल. माणसांना आपापली संघटना करायचा हक्क आहे, हा त्यातला मुद्दा. कायद्याने भिंतीची जाडी मोजली, पण दाराशी कोणाला अडवायचं हे बरंचसं आतल्यांवर सोडलं.

मिनिट बुक

आता बाबांची गोष्ट.

आमची सोसायटी जुनी. मूळ सभासद सगळे एकाच जातीचे, आमच्या. बाबा आठेक वर्षं सेक्रेटरी होते. मुलुंडच्या प्रकरणानंतर दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून कपाटातून एक जुनं मिनिट बुक काढलं आणि १९८४चं एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

एका सभासदाला फ्लॅट विकायचा होता. घेणारे गृहस्थ शिक्षक होते, शाळेत जाणाऱ्या दोन मुली. त्यांच्या आडनावावरून जात कळत होती. कमिटीने अर्ज नामंजूर केला. कारण लिहिलं होतं, वाहनतळाची अडचण.

"तेव्हा सोसायटीत गाड्या किती होत्या?" मी विचारलं.

"दोन स्कूटर," बाबा म्हणाले.

खाली सही त्यांची होती. मी लहानपणी ज्या अंगणात लगोरी खेळले, ज्या गॅलरीतून शेजारच्या काकू मला शाळेतून आल्यावर हाक मारायच्या, ती माझी सुरक्षित जागा. बाबांच्या काळजीतूनच ती तशी राहिली होती. आणि त्याच काळजीने त्या दोन मुलींना ती नाकारली होती. राजगृह बांधून पन्नास वर्षं झाली होती, आणि तेही इथून लोकलने अर्ध्या तासावर.

"तेव्हा विरोध करता आला असता?" मी विचारलं.

"करता आला असता," बाबा म्हणाले. "चहा झाला आणि सह्या झाल्या."

मुलुंडच्या त्या कमिटीवरचा माझा राग गेला नाही. पण तो आता नुसता बाहेरच्यांवर उरला नाही.

सहा वाजता

घर शोधणं थांबवता येत नाही, कारण जून थांबणार नाही. आम्ही पद्धत बदलली. रविवारी सकाळी साइट सगळीकडे छानच दिसते, म्हणून आता आम्ही आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी सहाला जातो. मुलं खाली खेळतात का, आणि खेळताना कोणी ओरडतं का, ते बघतो. कामाला येणाऱ्या बायकांना लिफ्ट वापरू देतात का, ते बघतो. पालिकेच्या विकास आराखड्यात समोरचा मोकळा तुकडा खरंच मैदानासाठी राखलेला आहे का, तेही तपासतो, कारण एजंटला तो सगळीकडे गार्डनच दिसतो. आणि कमिटीतल्या कोणाला तरी गाठून विचारतो, "अलीकडे कोणाला नाही म्हणालात का?" बहुतेक जण या प्रश्नावर घड्याळाकडे बघतात.

गेल्या बुधवारी डोंबिवलीला एक फ्लॅट बघायला बाबाही आले. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं, इमारत पंचवीस वर्षांची, लिफ्ट कुरकुरणारी. तळमजल्यावर दोघी आज्या मटार सोलत बसल्या होत्या. नवरा मीटर रूम बघत होता, मी पाण्याच्या वेळा विचारत होते.

बाबा जिन्यापाशी नावांच्या बोर्डासमोर उभे होते. पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत एकेक आडनाव सावकाश वाचत होते. सात मजल्यांवर अठ्ठावीस आडनावं, आणि सगळी मिळून कुठल्याच एका जातीची नव्हती, एका धर्माचीही नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घे हे," ते म्हणाले. "पार्किंगचं बघू नंतर."