मुक्तद्वार वर्धा

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि पुढच्या दशकात इंग्रजी अंमलदारांनी वर्धेच्या खोऱ्यातील गावांची जमाबंदी हाती घेतली, तेव्हा कालपर्यंतचे पाटील मालगुजार होऊन गावाचे धनी ठरले, शेताशेताची मोजणी झाली आणि महसुलाचे आकडे कायम झाले. पण त्याच दफ्तरात ‘वाजिब-उल-अर्ज’ या नावाचा एक कागद गावोगाव तयार झाला, आणि जमिनीचा मालक कोणीही असो, गावकऱ्यांनी कोणत्या वाटेने जावे-यावे, पाणी कोठले घ्यावे, अशा पूर्वापार वहिवाटी त्यात नोंदल्या गेल्या. गुरांच्या चराईच्या आणि सरपणाच्या हक्काला या प्रांतात ‘निस्तार’ म्हणत आले आहेत, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही या दोन्ही जुन्या संज्ञा टाकून दिल्या नाहीत. स्कॉटलंडसारख्या देशाला, कोणाच्याही माळावरून वा डोंगरावरून जबाबदारीने हिंडण्याचा नागरिकांचा हक्क कायद्याने स्पष्टपणे मांडण्यासाठी २००३ साल उजाडावे लागले. आमच्या पटवाऱ्याच्या दफ्तरात त्या हक्काचे एक ओबडधोबड भावंड शतकभर आधीपासून नांदत होते.

हे महसुली प्रकरण आरंभीच काढण्याचे कारण असे, की वर्धा जिल्ह्यात ज्याला खिशाला हात न लावता घालवलेला आनंदाचा दिवस म्हणता येईल, त्याचे मूळ या वहिवाटीत आहे. जिल्हा तसा वयाने लहान. १८६२ साली नागपुरातून तो वेगळा काढण्यात आला, पुलगावजवळच्या कवठ्याला त्याची कचेरी काही काळ राहिली, आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवण्यात येऊन कारभार तेथे हलला. लगोलग आगगाडी आली, हिंगणघाटच्या कापसाला दूरदेशीची बाजारपेठ मिळाली, पुलगाव-हिंगणघाटला गिरण्यांची धुराडी उभी राहिली, आणि तराजूच्या काट्यावर चालणारे एक नवे जग या काळ्या मातीत रुजले. त्या जगात सरकी विकली जाई, रुई विकली जाई, माणसाची मजुरीही विकली जाई; परंतु नदीचा काठ, टेकडीवरचा देव आणि अवलियाची समाधी यांच्याकडे जाण्याची वाट मात्र कोणी विकावयास काढली नाही.

त्या काळी खेड्यातल्या माणसाच्या तोंडी ‘सहल’ हा शब्द नव्हता. तो यात्रेला जाई, नवस फेडायला जाई, देवाच्या दारी रोडगे करायला जाई. पहाटे बंडी जुंपायची, कणीक, वांगी, तूप आणि गोवऱ्या बरोबर घ्यायच्या, पांदणीच्या धुळीतून दोन-तीन कोस चालून देवस्थान गाठायचे, नदीत स्नान करायचे, आणि झाडाखाली गोवऱ्यांचा आर पेटवून त्यात रोडगे भाजायचे. ते फोडून तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खाताना शेजारच्या चुलीवरचे अनोळखी कुटुंबही पाहुणे होई. सेलूजवळच्या घोराडला बोर नदीच्या काठी केजाजी महाराजांचे स्थान आहे, आणि ज्यांना पंढरीची वाट चालणे जमत नाही अशा वारकऱ्यांनी त्यालाच आपली पंढरी मानले. केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायक आहे, आणि हीच महाभारतातली एकचक्रा नगरी, येथेच भीमाने बकासुराचा वध केला, असे गावकरी आजही निःशंकपणे सांगतात. आर्वीच्या पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर, रुक्मिणीचे माहेर, लागते. कार्तिकात तिकडे लोटणारी गर्दी जिल्ह्याची हद्द जाणत नाही.

ही ठिकाणे केवळ एका धर्माची नव्हती, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आर्वी गाव ज्या तेलंगराव वलींच्या नावाने ओळखले जाई, ते मूळचे ब्राह्मण अशी समजूत आहे, आणि तरीही त्यांच्या समाधीपुढे हिंदू आणि मुसलमान दोघेही मस्तक लववीत आले. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. त्या टेकडीच्या उतारावर सुपारी-जायफळाएवढे गोटे विखुरलेले आढळतात. त्यांची कथा अशी, की माल घेऊन चाललेल्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्याने त्यांचा सारा माल पाषाण करून टाकला. भूगर्भशास्त्र सांगते, की दख्खनच्या लाव्हारसात राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइट वर्गाची खनिजे साकळली, भोवतालचा खडक झिजून गेला आणि या गाठी मोकळ्या झाल्या. मला या दोन कथनांत विरोध दिसत नाही. एक दगडाचा जन्म सांगते, दुसरी त्या दगडापाशी उभ्या राहिलेल्या गरिबाच्या मनातली न्यायबुद्धी सांगते. बाजाराने दारिद्र्याचा उपहास करू नये, हे शिकवायला त्या गरिबाला ही टेकडी पुरेशी होती.

मात्र विनामूल्य म्हणजे विनाव्यय नव्हे. दिवा जळत राहावा म्हणून कोणाच्या तरी इनाम जमिनीचे उत्पन्न लागे, धर्मशाळेच्या भिंतींसाठी एखाद्या सावकाराची थैली रिकामी होई, आणि उन्हाळ्यात पाणपोईवर रांजण भरणाऱ्या बाईचे श्रम तर कोणत्याही सनदेत नोंदले जात नसत. दात्याचे नाव कधी शिळेवर राही, कधी राहत नसे. यात्रेकरूला विचारले जाई ते एवढेच, की पाणी मिळाले ना, सावली मिळाली ना.

असे असले, तरी जुन्या व्यवस्थेचे केवळ गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या देवळाच्या दारात दमडीही द्यावी लागत नसे, त्याच दाराशी असंख्य माणसांना त्यांची जात द्यावी लागे, आणि ते मोल इतके जबर होते, की ते फेडूनही आत जाता येत नसे. पायरीखालूनच कळसाला हात जोडून परतावे लागे. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्यातले अंतर किती आहे, हे त्या पायरीखाली उभ्या राहिलेल्या माणसाला ठाऊक होते.

हे अंतर वर्ध्यात १९२८ च्या जुलै महिन्यात एका ठिकाणी तरी मिटले. बच्छराज बजाज यांच्या घराण्याने बांधलेले लक्ष्मीनारायण मंदिर त्यांचे दत्तक नातू जमनालाल बजाज यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले केले. एका धनिकाने आपल्याच कुळाच्या देवळाची कवाडे उघडावीत आणि त्यापायी स्वजातीयांचा रोष पत्करावा, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. मात्र तिच्या शेजारी दुसरीही गोष्ट लगेच सांगितली पाहिजे, की १९३० च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालला, आणि दार उघडले जाणे ही कोणाची कृपा नसून तो माणसाचा अधिकार आहे, हे त्या सत्याग्रहींनी स्वतः मार खाऊन जगाला सांगितले. वर्ध्याचे उघडलेले दार आणि नाशिकचे बंद दार एकत्र पाहिल्यावाचून आपल्या देवस्थानांचा इतिहास पुरता कळत नाही.

वर्ध्याचे ते मंदिर खुले झाल्यानंतर आठ वर्षांनी, ३० एप्रिल १९३६ रोजी, गांधीजी वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या शेगाव नावाच्या खेड्यात राहावयास आले. जागा जमनालालजींच्या मालकीची, रस्ता बैलगाडीचा, आणि गाव असे की गजानन महाराजांच्या शेगावशी नामसाम्य असल्याने टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कवेलू यांनी उभारलेल्या त्या कुट्या आजही कोणतेही शुल्क न देता पाहता येतात. आदिनिवास, मीराबहेननी भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा उठवलेली बापूकुटी, कस्तुरबांची बाकुटी, आणि आभाळ हेच ज्याचे छत ती प्रार्थनाभूमी, हे सारे तासाभरात फिरून होते, परंतु तासाभरात पाहून होत नाही. थोडे पलीकडे परचुरे कुटी आहे. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने ग्रासल्यावर आश्रमाच्या आश्रयाला आले, आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा करीत. ज्याला घरादाराने, गावाने आणि देवळाने बाहेर ठेवले, त्याच्यासाठीही दार उघडे असणे, या कसोटीला मुक्तद्वार हा शब्द येथे उतरला. सेवाग्रामला जाणाऱ्याने बापूकुटीपुढे छायाचित्र काढून परतू नये. त्या लहानशा कुटीपुढेही काही क्षण उभे राहावे.

नागपूरच्या वाटेवर पवनारला धाम नदीचा खडकाळ प्रवाह आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ज्या गावाला वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर मानले, ते हेच. १९३८ साली प्रकृती ढासळलेले विनोबा भावे येथे आले, कुदळ घेऊन शेत खणू लागले, आणि त्या खणण्यात मातीखालची जुनी शिल्पे वर आली. त्यांतील एका शिल्पात त्यांना भरत आणि राम यांची भेट दिसली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत ज्या भेटीचे चित्र त्यांनी शब्दांनी उभे केले होते, तेच दगडात कोरलेले त्यांच्या कुदळीला सापडावे, हा योग त्यांच्या मनाला फार लागून राहिला. १९५९ मध्ये त्यांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी येथेच त्यांचे देहावसान झाले. आजही नदीकाठी येणाऱ्यास कोणी थांबवीत नाही, मात्र आश्रमाचे मौन आणि श्रम यांचा नियम आपोआपच आवाज खाली आणतो.

वर्ध्यात गोपुरीला १९८० साली उभे राहिलेले गीताई मंदिर म्हणजे या साऱ्या परंपरेचे मला सर्वांत स्पष्ट वाटणारे शिल्परूप आहे. तेथे मूर्ती नाही, गाभारा नाही, छत नाही. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय कोरलेल्या शिळा मोकळ्या आकाशाखाली ओळीने उभ्या आहेत, आणि वाचत वाचत चालणे हीच प्रदक्षिणा आहे. ज्या वास्तूला दारच नाही, तिच्या दाराशी कोणाला अडवणार? जवळच शुभ्र विश्वशांती स्तूप आहे. जपानचे निचिदात्सु फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, त्या भेटीने जोडलेल्या स्नेहाची ही १९९३ साली लोकांना खुली झालेली परिणती होय.

जिल्ह्याच्या पंचांगातही असे मुक्त दिवस आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा भरतो, आणि माणसाहून उंच लाकडी नंदी ओढत निघालेली मुले पाहण्यासाठी पंचक्रोशी लोटते. नागपंचमीला आष्टीत लोक जमतात, ते मात्र गंभीरपणे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, त्याच सणाच्या दिवशी, ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि त्या गावाने आपली माणसे देशाला दिली. बोरच्या व्याघ्र प्रकल्पात शिरताना शुल्क भरावे लागते आणि ते रास्तही आहे, कारण वाघाला एकांत हवा असतो. माणसांच्या स्मृतिस्थळांना माणसांचीच ये-जा हवी असते.

आज पांदणी अरुंद होत आहेत, घाटांवर कचरा साठत आहे, आणि ज्याला पैसे पडत नाहीत त्याला किंमत नाही असे मानणारी पिढी आपण घडवीत आहोत, याची खंत मनाला लागून राहते. तिच्यावरचा उपाय मला दरवर्षी १२ फेब्रुवारीला पवनारला दिसतो. १९४८ मध्ये त्या दिवशी गांधीजींच्या अस्थी धामेत विसर्जित झाल्या, तेव्हापासून तेथे सर्वोदय मेळा भरतो. तिकीट नाही, वर्गणी नाही, परंतु येणारे अनेक जण स्वतः कातलेल्या सुताची गुंडी बरोबर आणतात. एका गुंडीत सहाशे चाळीस तार असतात. ते कातायला कित्येक तास लागतात, आणि ते कोणी मागितलेलेही नसतात. धामेच्या काठी त्या पांढऱ्या गुंड्यांची रास वाढत जाते. ज्याने ती कातली त्याला कोणी नाव विचारीत नाही, जात विचारीत नाही, आणि जो रिकाम्या हातांनी आला, त्यालाही नदीपर्यंत जाण्याची तीच वाट असते.