एक गाव, एक हौद

ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या निफाड तालुक्यात शाळेची हजेरी घेताना मुलांच्या सदऱ्यांवर निळसर ठिपके दिसू लागतात. पहाटे बापाबरोबर फवारणीला जाऊन पोरे तशीच वर्गात येतात. "बोर्डो का रे?" म्हणून विचारले, की मान हलवतात. मोरचूद आणि चुना यांच्या या मिश्रणाला बोर्डो का म्हणतात, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. मलाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते.

बोर्डो हे फ्रान्समधले शहर. त्याच्या आसपासचे बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून! त्याच वेली केवड्यातून वाचतात, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरले आणि १८८५ साली या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. त्याआधी १८६८ साली प्लाँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने दक्षिण फ्रान्समधल्या वाळत्या वेलींच्या मुळांशी एक बारीकसा किडा पाहिला होता. तो अमेरिकेतून आलेला. त्या फायलोक्सेराने देशभरच्या बागा बसवल्या. अखेर उपायही अमेरिकेतूनच आला : तिकडच्या रानवेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचे कलम. आमच्याकडे आज ज्या डॉगरिजवर थॉमसनचे कलम करतात, तो खुंटही अमेरिकेतल्याच रानवेलींच्या कुळातला.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, तर भाव कोसळले. वाइन उदंड झाली, आणि त्यात साखरपाण्याची बनावट वाइन व्यापारी खपवू लागले. १९०१ च्या डिसेंबरात बेझिए शहराजवळच्या मारोसाँ गावातल्या लहान शेतकऱ्यांनी सोसायटी काढली आणि आपली वाइन पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक-सोसायट्यांना थेट विकायला सुरुवात केली. १९०५ साली त्यांनी सामाईक तळघर बांधले. ते पाहायला समाजवादी पुढारी झाँ झोरेस मुद्दाम त्या गावी गेला होता. 'सर्व प्रत्येकासाठी, प्रत्येक सर्वांसाठी' हे त्यांचे ब्रीद.

बाकीच्या गावांचा धीर मात्र सुटला होता. १९०७ च्या ११ मार्चला आर्झेलिए गावातून ८७ माणसे नारबोनकडे चालत निघाली. ९ जूनला मोंपेलिएत जमलेला समुदाय पाच लाखांच्या वर होता. १९ आणि २० जूनला नारबोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झाला आणि प्रत्येकाने आपले पीक किती आले हे जाहीर करणे बंधनकारक ठरले. बाटलीत जे आहे ते खरे असावे, एवढ्यासाठी ही माणसे मेली होती.

हा इतिहास मी का उगाळतो आहे, ते आता सांगतो. २०१० साली युरोपने आपली द्राक्षे अडवली, हे या भागात कुणी विसरलेले नाही. क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचा अंश मालात निघाला होता. माझ्या मावसभावाचा माल त्यात सापडला. त्याने स्वतः ते औषध हात राखून वापरले होते, असे तो आजही शपथेवर सांगतो. पुढच्या वर्षी त्याने अर्धी बाग तोडली. त्या रात्री ओट्यावर बसून तो मला म्हणाला, "दादा, मी एकट्याने औषध सोडून काय उपयोग? वारा शेजारच्याचेही आणतोच की." मी मास्तर, कादंबऱ्या लिहिणारा, पण माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर मला पुढे सापडले, तेही वाइनच्या इतिहासात. आमचे घर माळकरी. वाइनची चव मला ठाऊक नाही, हे आधीच कबूल करतो. प्रोव्हाँस प्रांतात आर्झांस नदीच्या काठी कोरँस नावाचे हजाराच्या आतल्या वस्तीचे गाव आहे. तिथली वाइन सोसायटी १९३५ सालची. १९९७ साली गावचे महापौर मिशाएल लाट्झ आणि सोसायटीचे सभासद यांनी ठरवले, की रासायनिक औषधे आणि खते सोडायची. एकेकट्याने नव्हे, सर्वांनी. फ्रान्सचे पहिले सेंद्रिय गाव म्हणून ते पुढे ओळखले गेले.

'सर्वांनी' हा शब्द भाबडेपणाचा नाही. सोसायटीत अनेकांची द्राक्षे एकाच हौदात पडतात. एकाने चोरून फवारले, तर सगळ्यांचा हौद बाटतो. शिवाय बाग सेंद्रिय ठरायला तीन वर्षे लागतात. तोवर कष्ट नव्या रीतीचे आणि सेंद्रिय शिक्क्याचा भाव मात्र नाही. सेंद्रिय म्हणजे बिनऔषधाचे, असेही नव्हे. आपले मोरचूद आणि गंधक तिथेही चालतात. पण २०१९ पासून युरोपात तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा आहे.

या सोसायटीची तांबडी वाइन मला विशेष वाटते. प्रोव्हाँसमध्ये बहुतेक वाइन गुलाबी होते. तिच्यात साली रसाबरोबर थोडेच तास राहतात. तांबडीचे तसे नाही. ग्रनाश, सिरा यांसारख्या काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा फिकाच असतो. रंग असतो सालीत. म्हणून तांबडीत साली दिवसच्या दिवस हौदात भिजत ठेवतात. अर्थात सालीवर जे फवारले, तेही हौदात उतरते. गंधकाचेही तसेच : २०१२ च्या नियमाने कोरड्या सेंद्रिय तांबडीत लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंतच सल्फाइट चालतो, साध्या तांबडीत १५०. गावाने शब्द पाळला की नाही, याची साक्ष तांबडीइतकी दुसरी कोण देणार!

कोरँसचे सगळे आपल्याला लागू पडेल, असे मी म्हणत नाही. तिथे उन्हाळा कोरडा आणि पीक हौदासाठी. इथे खाण्याचे द्राक्ष, आणि मण्यावर डाग पडला की व्यापारी पाठ फिरवतो. पण एकट्याने सोडून काय उपयोग, या प्रश्नाला त्या गावाने एकट्याचा प्रश्न म्हणून उत्तर दिलेच नाही. त्यांनी आधी सभा भरवली.

हा लेख मी मावसभावाला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी सोडतो. पण शेजारच्या आप्पाला तू सांग. तो माझे ऐकायचा नाही."

दिवाळीनंतर मी आप्पांकडे जाणार आहे.