भयपटातला परका मुलूख : ‘होस्टेल’पासून कोडाईकनालच्या गुहेपर्यंत

चेन्नई : टी. नगर म्हटले की मराठी प्रवाशाला रंगनाथन स्ट्रीटवरची गर्दी, रेशमी साड्या आणि सोन्याची दुकाने आठवतात. १९२३ नंतर लाँग टँक नावाचा तलाव आटवून वसवलेल्या आणि जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव मिळालेल्या या वस्तीची दुसरी ओळख चित्रपटसृष्टीची आहे. दक्षिण भारतीय कलावंतांची संघटना ‘नडिगर संगम’ येथील हबीबुल्ला रोडवर आहे, शिवाजी गणेशन यांचे घर याच भागात आहे आणि विनोदी अभिनेते नागेश यांनी बांधलेले चित्रपटगृहही एकेकाळी येथे होते. कोडंबक्कम आणि वडपळनीचे स्टुडिओ हाकेच्या अंतरावर. या परिसरातून गेल्या दोन दशकांत भयपट उदंड निघाले. तरी भयपटाचा एक प्रकार येथे फारसा रुजला नाही. तो म्हणजे परदेशी फिरायला गेलेल्या तरुणांवर तेथे बेतणाऱ्या संकटाचा.

जगभरच्या स्वतंत्र निर्मात्यांना मात्र हा प्रकार नेहमीच सोयीचा वाटत आला आहे. त्याला मोठे तारे लागत नाहीत. चार-पाच नवे चेहरे, एखादे निर्जन ठिकाण आणि रात्र एवढे भांडवल पुरते. ऑस्ट्रेलियाचे दिग्दर्शक ग्रेग मॅक्लीन यांचा ‘वुल्फ क्रीक’ (२००५) हे त्याचे ठळक उदाहरण. दोन ब्रिटिश तरुणी आणि सिडनीचा एक तरुण गाडीने ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशात निघतात आणि गाडी बंद पडल्यावर मदतीला आलेला माणूसच त्यांचा काळ ठरतो. सुमारे १४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चात तयार झालेला हा चित्रपट सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. कथेला खऱ्या खुनांचा आधार होता. नॉर्दर्न टेरिटरीमध्ये तेव्हा एका ब्रिटिश पर्यटकाच्या हत्येचा खटला उभा होता. त्यावर परिणाम होऊ नये म्हणून खटला संपेपर्यंत तेथे चित्रपटाचे प्रदर्शन थांबवण्यात आले.

त्याच वर्षीचा एली रॉथ यांचा ‘होस्टेल’ व्यवसायाच्या दृष्टीने फार पुढे गेला. सुमारे ४८ लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ८ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्यातील अमेरिकी तरुण स्लोव्हाकियात जातात आणि पैसे मोजून माणसांचा छळ करू पाहणाऱ्यांच्या हाती पडतात. चित्रीकरण झाले ते शेजारच्या झेक प्रजासत्ताकात. बदनामी मात्र स्लोव्हाकियाची झाली आणि तेथील अधिकाऱ्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढच्या वर्षी अवयवचोरीच्या कथानकावरील ‘तुरिस्तास’मुळे ब्राझीलमध्येही असाच रोष उमटला. हा आक्षेप गैर म्हणता येणार नाही. श्रीमंत देशाचा प्रवासी भोळा आणि ज्या गावात तो उतरतो ते गाव क्रूर, अशी या चित्रपटांची मांडणी वारंवार दिसते. ‘वुल्फ क्रीक’ने निदान आपल्याच देशातला माणूस खलनायक केला.

चेन्नईत हा प्रकार का रुजला नाही, याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा हिशेबात अधिक सापडते. परदेशातील चित्रीकरणाचा खर्च हा त्यातला उघड भाग. कमी बोलला जाणारा भाग प्रमाणपत्राचा आहे. तमिळ शीर्षकाच्या चित्रपटांना तमिळनाडूत २००६ पासून करमणूक कर माफ होता. २०११ मध्ये या सवलतीला ‘यू’ प्रमाणपत्राची अट जोडली गेली. जीएसटी आल्यावर, जुलै २०१७ मध्ये, ही व्यवस्था संपली आणि त्याच महिन्यात राज्याच्या नव्या स्थानिक करमणूक कराच्या निषेधार्थ चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली. दुसरीकडे, २००५ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटांना दूरचित्रवाणीचे दरवाजे बंद झाले. छोट्या निर्मात्याची गुंतवणूक बहुधा दूरचित्रवाणीच्या हक्कांवर सुटते. त्याने रक्तपात दाखवला तर करसवलतही जाणार आणि वाहिनीही. ‘मुनी’ (२००७), ‘कांचना’ (२०११), ‘अरनमनै’ (२०१४) अशी भीती आणि हसू यांची सरमिसळ करणाऱ्या चित्रपटांची रांग लागली, त्यामागे प्रेक्षकांच्या पसंतीइतकाच हा हिशेबही असावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

परदेशातून कथा आल्या, पण त्या घरी आणून सांगितल्या गेल्या. थायलंडचा गाजलेला ‘शटर’ (२००४) तमिळमध्ये ‘सिवी’ (२००७) झाला, तर ‘अलोन’वरून ‘चारुलता’ (२०१२) निघाला. लघुपटांच्या स्पर्धेतून पुढे आलेल्या कार्तिक सुब्बराज यांनी ‘पिझ्झा’त (२०१२) तर भीतीसाठी शहराबाहेर जाण्याचीही गरज ठेवली नाही. पिझ्झा पोहोचवणारा तरुण एका बंगल्यात शिरतो, एवढेच निमित्त त्यांना पुरले. पुढे कन्नड आणि हिंदीतही हा चित्रपट नव्याने झाला. मराठीने उलट दिशा धरून पाहिली आहे. विराजस कुलकर्णी आणि जीत अशोक दिग्दर्शित ‘व्हिक्टोरिया : एक रहस्य’ (१३ जानेवारी २०२३) स्कॉटलंडमध्ये चित्रित झाला आणि तेथील एका हॉटेलात घडतो. सोनाली कुलकर्णी, पुष्कर जोग आणि आशय कुलकर्णी यांच्या त्यात भूमिका आहेत.

तमिळ प्रेक्षकाला हादरवणारी परक्या मुलखाची कथा अखेर शेजारच्या राज्यातून आली आणि तिला पासपोर्ट लागला नाही. चिदंबरम दिग्दर्शित मल्याळम ‘मंजुम्मेल बॉईज’ २२ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्याला भयपट म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. त्यात भूत नाही, खुनी नाही. पण रचना तीच आहे. मित्रांचे टोळके, मौजेची सहल, ओलांडलेले कुंपण, आणि ज्यांच्याकडे धावत जायचे त्यांना आपली भाषा कळत नाही.

घटना २००६ मधील आहे. कोचीजवळच्या मंजुम्मेलचे तरुण कोडाईकनालला गेले असता त्यांच्यातील एक जण ‘गुणा’ गुहेतील खोल भेगेत कोसळला. ब्रिटिश काळापासून ‘डेव्हिल्स किचन’ म्हणून ओळखली जाणारी ही जागा कमल हासन यांच्या १९९१ मधील ‘गुणा’च्या चित्रीकरणानंतर त्या चित्रपटाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पडलेल्याला वर काढण्यासाठी दोर बांधून उतरला तो त्याचाच मित्र. त्याला पुढे केंद्र सरकारचे जीवन रक्षा पदक मिळाले. पडद्यावर श्वास रोखायला लावणारी ती भेग मात्र केरळातील पेरुंबावूर येथील एका गोदामात उभारलेला देखावा आहे.

डबिंग न करता, मल्याळम संवादांसह हा चित्रपट तमिळनाडूत आठवडेच्या आठवडे चालला. व्यापार विश्लेषकांच्या अंदाजानुसार त्याची एकूण कमाई २०० कोटी रुपयांवर गेली आणि त्यातील ५० कोटींहून अधिक रक्कम एकट्या तमिळनाडूतून आली. यात एक विसंगती आहे. चित्रपटात तमिळनाडूचे पोलीस मदत मागायला आलेल्या तरुणांना मारहाण करताना दिसतात, आणि तमिळ प्रेक्षकाने ते दृश्य आपल्या राज्याची बदनामी म्हणून झिडकारले नाही. स्लोव्हाकियाला जे जड गेले ते येथे पचले, कदाचित चित्रपटात मदत करणारे स्थानिक लोकही आहेत म्हणून आणि ‘गुणा’तील इलैयाराजा यांचे गाणे कथेच्या ऐन मोक्याला वाजते म्हणूनही. त्या गाण्याच्या वापरावरून इलैयाराजा यांनी निर्मात्यांना नोटीस पाठवली, हा पुढचा भाग.

चित्रपट पाहून केरळमधील एका रहिवाशाने त्या मारहाणीच्या चौकशीसाठी अर्ज केला. मे २०२४ मध्ये, म्हणजे घटनेला जवळपास १८ वर्षे होत आली असताना, तमिळनाडूच्या गृह विभागाने राज्याच्या पोलीस महासंचालकांना या अर्जात लक्ष घालण्यास सांगितले.