परभणीचे आकाश : फुग्यापासून ड्रोनपर्यंत

परभणी जिल्ह्याच्या आकाशाशी शास्त्रीय उपकरणांचा संबंध ड्रोनपेक्षा बराच जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६९ मध्ये हैदराबादेत फुगे सोडण्याचे केंद्र उभारले. पातळ पॉलिथिलीनचे, हायड्रोजनने भरलेले हे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर तरंगतात. मोजमाप संपले की उपकरणे हवाई छत्रीला लटकून खाली येतात. ती कोणाच्या शिवारात उतरतील हे वाऱ्यावर अवलंबून असते. त्यामुळे ज्या जिल्ह्यांना आगाऊ सूचना दिली जाते, त्यांत परभणीचेही नाव असते. पेटी सापडली तर ती उघडू नये, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवावे, असा मजकूर उपकरणांवर लिहिलेला असतो.

ड्रोनची गोष्ट येथील कृषी विद्यापीठाकडे नेते. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले; २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्या साहाय्याने येथे यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांच्या आधारे डिजिटल शेतीचा प्रकल्प राबवण्यात आला.

पीकपाहणीच्या ड्रोनवर बहुवर्णी कॅमेरा बसवतात. निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंच्या तुलनेतून पिकावरचा ताण डोळ्याला दिसण्याआधीही लक्षात येऊ शकतो. ऊन सतत बदलते, म्हणून उड्डाणापूर्वी बांधावर करड्या रंगाची प्रमाणित पाटी ठेवून तिचे छायाचित्र घेतात आणि पुढची सर्व छायाचित्रे तिच्याशी ताडून पाहतात.

मोठ्या विद्युत ड्रोनच्या रचनेत खरी अडचण वजनाची असते. बहुपंखी यंत्राला स्वतःचा सगळा भार सतत मोटारींच्या जोरावर तोलावा लागतो. बॅटरी वाढवली की भारही वाढतो, आणि एका मर्यादेनंतर उड्डाणाचा वेळ फारसा वाढत नाही. मोठे, सावकाश फिरणारे पंखे कमी वीज खातात. पण त्यांच्यासाठी लांब आणि ताठ भुजा लागतात. विमानासारखे स्थिर पंख लावले तर तेवढ्याच विजेत अधिक क्षेत्र पाहून होते. मात्र एका जागी थांबता येत नाही.

कायद्याची वाटही वळणाची होती. २०१४ मध्ये नागरी ड्रोनवर बंदी आली, २०१८ मध्ये नियमांसह परवानगी मिळाली, आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी वजनानुसार पाच वर्ग ठरवले. त्यांपैकी वरचे तीन असे: २ ते २५ किलो ‘लहान’, २५ ते १५० किलो ‘मध्यम’ आणि त्यावरील ‘मोठे’. शेतीतील बहुतेक ड्रोन २५ किलोच्या आतच बसवले जातात.

फुगा तासन्‌तास वर राहतो, पण वारा नेईल तिकडे जातो. ड्रोन हवे त्या वावरावर नेता येतो, पण बॅटरी संपण्याआधी उतरवावा लागतो. दोघांच्याही या मर्यादा पाहता जिल्हाभराच्या पिकांचा अंदाज घेण्यासाठी उपग्रह आणि एकेका वावराच्या बारीक पाहणीसाठी ड्रोन, हीच विभागणी सोयीची ठरते.