एरंड, घोळ, धोतरा आणि आपली बाजरी



आज गोष्ट सांगायची आहे ती फुलाच्या पोटातली. दाणा कसा तयार होतो, आणि माणसाला ते कसं कळलं. ही गोष्ट फार शिकलेल्यांची आहे खरी, पण तिच्यातली झाडं आपल्या ओळखीची आहेत. तिसगावच्या कुठल्याही बांधावर ती सापडतील.

पहिलं झाड एरंड. एरंडाचा तुरा नीट पाहिलात तर खालच्या बाजूला पिवळसर फुलं असतात, ती नर. वरच्या बाजूला लाल तंतूंची फुलं असतात, ती मादी. बोंडं धरतात ती वरच. जर्मनीत कामेरारियुस नावाचे एक वैद्य होते. त्यांनी एरंडाची नर फुलं उमलण्याआधीच खुडून टाकली. मादी फुलं तशीच राहिली, पण त्यांत बी काही भरलं नाही. १६९४ साली त्यांनी लिहून जाहीर केलं, की झाडांतही नर-मादी असतात आणि दोघांशिवाय बी होत नाही. भोपळ्याच्या वेलावर नुसत्या दांडीवरचं फूल कोणतं आणि बुडाशी इवला भोपळा असलेलं कोणतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. पण ते प्रयोग करून दाखवलं, तेव्हा त्याचं शास्त्र झालं.

दुसरी आपली घोळ, तीच भाजीची. परागकण फुलाच्या टोकावर पडतो, पण बी तर फुलाच्या बुडाशी. मग वरचं खाली पोचतं कसं? इटलीतले आमिची भिंगाखाली घोळीचं फूल पाहत होते. १८२४ साली त्यांना दिसलं, की परागकणातून एक बारीक नळी फुटते. पुढे कळलं, की ही नळी मोड फुटल्यासारखी वाढत खाली जाते आणि थेट बीजांडात शिरते. परागकण नर पेशी तिथवर पोचवतो, तो याच वाटेनं.

आत पोचल्यावर काय होतं, ते कळायला आणखी चौऱ्याहत्तर वर्षं गेली. १८९८ साली रशियाचे नवाशिन यांनी लिलीच्या फुलात पाहिलं, की नळीतून एक नाही, दोन नर पेशी उतरतात. एक जाऊन आईच्या बीजपेशीला मिळते, त्यातून अंकुर होतो. दुसरी आईच्या दोन केंद्रकांना मिळते, त्यातून अंकुराची शिदोरी तयार होते. बाजरीच्या दाण्यात ही शिदोरी म्हणजेच आपलं पीठ.

आता भाकरी थापताना हे आठवा. अंकुरात आई-बापाचा वाटा निम्मा-निम्मा. पिठात आईचे दोन वाटे, बापाचा एक. आणि वरचा कोंडा? तो सगळाच्या सगळा आईचा.

आपल्या देशातही या विषयात मोठं काम झालं. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी होते. फुलझाडांच्या गर्भविज्ञानावरचं त्यांचं पुस्तक १९५० साली निघालं आणि जगभर अभ्यासलं गेलं. त्याच विद्यापीठात सिप्रा गुहा नावाची तरुण संशोधक काम करत होती. तिनं धोतऱ्याच्या कळीतले परागकोश काढून काचेच्या नळीत वाढवायला ठेवले. त्यांतून चक्क इवली रोपं उगवली! बीजांड नाही, बी नाही, नुसत्या परागकणापासून रोप. हे जगात पहिल्यांदा झालं. १९६४ साली तिनं आणि सतीश माहेश्वरींनी ते प्रसिद्ध केलं. शुद्ध वाण तयार करायला एरवी कित्येक पिढ्या पेरणी करावी लागते. या पद्धतीनं ते काम फार लवकर होऊ लागलं. पुढे भात, गहू अशा पिकांत तिचा उपयोग झाला.

आता आपल्या शिवारात येऊ. बाजरीच्या कणसातून आधी पांढरे पिसासारखे तंतू बाहेर येतात. ती मादीची बाजू. परागकोश दोन-तीन दिवसांनी येतात. म्हणजे कणसातले तंतू आधी शेजारच्या कणसाची धूळ घेतात. बाजरी अशी वाऱ्यावर विसंबून आहे. फुलोऱ्यात पावसाची झड लागली तर पराग धुऊन जातो आणि कणीस भरत नाही. अरगट, म्हणजे कणसावर मधासारखा चिकटा आणणारा रोग, तोही याच तंतूंच्या वाटेनं आत शिरतो. पराग वेळेवर मिळाला तर तंतू सुकतात आणि रोगाची वाट बंद होते. तेव्हा कणीस पोचट राहिलं, तर कोणाची नजर लागली किंवा पेरणीला कोणत्या बाईचा हात लागला, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कारण फुलोऱ्यात शोधा.

संकरित बाजरी याच माहितीतून आली. जिच्यात पराग तयारच होत नाही अशी आई-ओळ अमेरिकेत सापडली. तिच्याशेजारी दुसऱ्या वाणाची बाप-ओळ पेरायची, म्हणजे वारा आपोआप संकर करतो. १९६५ साली लुधियानाहून देशातली पहिली संकरित बाजरी आली, एचबी-१. उत्पन्न भरघोस आलं. पण या संकरित वाणांची आई एकच होती. ती गोसावी रोगाला बळी पडणारी निघाली आणि १९७० नंतर हे वाण त्या रोगानं झोपले. गोसावी पडला की कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, दाणा राहत नाही. सगळ्या देशाची मदार एकाच आईवर ठेवली की असं होतं. पुढे आपल्या जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं नवे वाण दिले. त्यांतली ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ ही नावं तुम्हाला ठाऊक असतील.

या सगळ्यातून आपल्या घरासाठी एक गोष्ट घ्यायची. संकरित बाजरीचा दाणा खायला उत्तम, पण पुढच्या वर्षी पेरायला नाही. त्यात दोन वेगळ्या घराण्यांचे गुण असतात, ते पुढच्या पिढीत विखुरतात. एक ताट उंच, एक बुटकं, उत्पन्नही घटतं. त्याचं बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. सरळ वाणाचं तसं नाही. राहुरी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून दिलेली ‘धनशक्ती’ बाजरी सरळ वाणाची आहे आणि तिच्यात लोहही जास्त आहे. आपल्या बायकांत रक्त कमी असण्याची तक्रार घरोघर आहे, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. तिचं बी काही वर्षं घरचं राखता येतं.

ते राखायचं कसं? दुसऱ्या बाजरीपासून किमान २०० मीटर लांब पेरा, कारण वारा बांध मानत नाही. रोगट ताटं फुलोऱ्याआधीच उपटा. बी एक-दोन कणसांचं घेऊ नका. शेताच्या मधल्या भागातली भरपूर निरोगी कणसं निवडा, म्हणजे एकाच आईवर मदार राहणार नाही. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच राखलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पेरणीआधी गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. दुकानात पिशवी हातात घेतली की भावाच्या आधी एक प्रश्न विचारा: “हे संकरित आहे की सरळ वाण?” उत्तर पिशवीवर छापलेलं असतं, ते वाचून घ्या. पुढच्या वर्षी बियाण्याला पैसे मोजायचे की घरच्या उतरंडीतून काढायचं, हे त्यावरच ठरेल.