पाळीव पोपट : अपेक्षा आणि स्वभाव

डहाणू-तलासरीच्या वाड्यांवरून तिन्हीसांजेला कर्कश ओरडत जाणारे हिरवे थवे बहुधा कंठवाल्या पोपटांचे असतात. झाडाच्या ढोलीतून पिलू काढून पिंजऱ्यात ठेवले, की हाच पक्षी ‘मिठू’ होतो. त्याने गोड बोलावे, खांद्यावर बसावे, अशी अपेक्षा धरली जाते. ती अनेकदा फोल ठरते. त्यात दोष मात्र पक्ष्याचा नसतो.

पोपट थव्याने राहणारा पक्षी आहे. साथीदारांचा आवाज उचलण्याची उपजत सवयच पिंजऱ्यात माणसाच्या बोलीची नक्कल करते. दिवसभर एकाकी राहिलेला पोपट ओरडतो, चावतो, प्रसंगी स्वतःची पिसेही उपटतो. नराच्या गळ्याची काळी-गुलाबी कंठी सुमारे तिसऱ्या वर्षी उमटते. तोवर नर-मादी ओळखणे अवघड असते. वयात आल्यावर लाडका पोपटही आक्रमक होऊ शकतो. पिंजऱ्यात तो २० ते २५ वर्षे जगू शकतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरात असा पोपट असल्यास तो परस्पर उडवून देऊ नये. माणसाळलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही व तो मांजर-कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.